वाचकांचे प्रश्न : हलगीचे ठोके सॅम्पलरमध्ये कसे लावावेत?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि पॅड वाजवतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं हलगी कडाडते, तो आवाज मला पॅडवर हवाय. विकतच्या पॅकमध्ये हलगी म्हणून जे मिळतं ते मला डफासारखं लागतं. म्हणून ओळखीच्या एका हलगीवादक काकांना घरी बोलावलं आणि दोन माइक लावून रेकॉर्डिंग केलं. आता एकाच फोल्डरात साडेतीनशेवर फाइली पडल्यात. काहींची नावं ‘हळू’, ‘मध्यम’, ‘जोरात’, काहींची ‘हलगी नवीन २’, ‘हलगी फायनल’. रेकॉर्ड केलेले आवाज पॅडवरून वाजवणाऱ्या फुकटच्या एसएफझेड सॅम्पलरमध्ये जोरानुसार चार थर केले, प्रत्येक थरात आलटून पालटून वाजणारे चार पर्यायी ठोके. पण हळूहळू जोर वाढवत नेला की आवाज मधेच उडी मारतो, आणि जलद वाजवलं की यंत्र वाजतंय हे लगेच कळतं. किती थर, किती पर्याय, फोल्डर कसे करायचे, सगळंच सांगा.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी लॅपटॉप मिटा. काकांना पुन्हा एकदा बोलवा आणि माइक न लावता नुसतं समोर बसून ऐका. उजव्या हातातली जाड काठी कातड्याच्या मधोमध पडते तेव्हा घुमारा येतो. तीच काठी कडेला सरकली की आवाज कोरडा होतो. डाव्या हातातली बारीक काडी काठाजवळ कडकडते, आणि ठोका पडल्यावर हातानं कातडं दाबलं की नाद जागीच तुटतो. हे चार पर्याय नव्हेत, चार वेगळे ठोके आहेत. तुमच्या फोल्डरात ते एकमेकांत मिसळलेत, असं तुम्ही दिलेल्या नावांवरून दिसतं, कारण ‘हळू’ आणि ‘जोरात’ लिहिलंय, पण कुठं मारलं आणि कशानं मारलं हे एकाही नावात नाही.

पर्याय कशाला म्हणायचं याची माझी कसोटी सोपी आहे. वाजवणाऱ्याला त्याचाच ठेका ऐकवायचा आणि मधला एक ठोका गुपचूप बदलायचा. त्याला काहीच खटकलं नाही, तर ते दोन ठोके एकमेकांचे पर्याय. ‘हे मी वाजवलं नाही’ असं तो म्हणाला, तर ते दोन वेगळे ठोके, मग स्क्रीनवर त्यांच्या लहरी कितीही सारख्या दिसोत. ही परीक्षा स्वतःच्या कानावर करू नका, काकांच्या कानावर करा. हलगी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

म्हणून सगळ्यात वरची विभागणी ठोक्याची. एक ठोका, एक फोल्डर. उजवा आणि डावा हात तर कधीच एकत्र करू नका. जलद वाजवताना दोन हात आलटून पालटून पडतात आणि ठेक्याची सगळी चाल त्या जाड-बारीक फरकावर उभी असते. सॅम्पलरनं मनाला येईल तेव्हा बारीक काडी जाड काठीच्या जागी टाकली, तर हात कुणाचा हेच कळेनासं होतं. तुम्हाला जे यंत्रासारखं वाटतं त्यातला निम्मा दोष इथला असावा.

दुसरी विभागणी जोराची. इथं माझं आग्रहाचं सांगणं आहे की ‘हळू’ आणि ‘जोरात’ ही नावं पुसून टाका. वादकाला आपण ‘जरा हळू’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या मनातलं हळू वाजवतो, आणि हात तापला की तेच हळू वर सरकतं. सकाळचं मध्यम आणि दुपारचं हळू एकाच जोराचं निघणं ही नेहमीची गोष्ट. म्हणून ठरवून काय वाजवलं हे विसरायचं आणि फाइलीत काय आलंय ते मोजायचं. जवळच्या माइकची फाइल घ्या, ठोक्याच्या सुरुवातीचे ५० ते १०० मिलिसेकंद निवडा आणि त्याचा आरएमएस, म्हणजे तेवढ्या तुकड्यातली सरासरी ताकद, काढा. बहुतेक ऑडिओ एडिटरमध्ये ही सोय असते. नुसतं पीक, म्हणजे लहरीचं सगळ्यात उंच टोक, बघू नका. बारीक काडीचं टोक कातड्यावर आपटतं त्या क्षणी पीक उंच जातं, पण आवाज अंगानं भरलेला नसतो. माझ्याकडं हलगीचे असे दोन ठोके आहेत ज्यांचं पीक तंतोतंत सारखं आहे. शेजारी ठेवून ऐकले तर एक सरळ सरळ दुसऱ्याच्या वरच्या थरातला आहे. आरएमएसनं तो फरक लगेच दाखवला.

मोजलेला आकडा एका तक्त्यात फाइलीच्या नावासमोर लिहा, मग तक्ता आकड्यानुसार लावा. आता थर कुठं पाडायचे ते आपोआप दिसायला लागतं. समजा सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरदार ठोक्यात ३० डेसिबलचं अंतर आहे. त्याचे चार थर केले की दोन शेजारच्या थरांत सात-आठ डेसिबलची पायरी पडते आणि ती कानाला उडी म्हणून लागणारच. पायरी ३ डेसिबलच्या आसपास आणा, म्हणजे थर नऊ-दहा होतील. एकाच थरातले पर्याय मात्र एकमेकांपासून एक-दीड डेसिबलच्या आत ठेवा. त्याबाहेर जाणारा ठोका शेजारच्या थरात हलवा. तिथंही बसत नसेल तर बाजूला काढा. चांगला ठोका वाया गेला म्हणून हळहळू नका, तो जागेवर नसला तर वाजवताना उघडा पडतो.

आणि एक, सगळ्या फाइली एकेक करून नॉर्मलाइझ करू नका. प्रत्येक ठोका ताणून वरच्या पट्टीला नेला की कोण हळू होता आणि कोण जोरात, ही माहितीच जाते, आणि मग ती आठवणीवर परत लावायची वेळ येते. आवाज वाढवायचाच असेल तर सगळ्या फाइलींना एकच आकडा द्या.

तुमच्या उडीचं आणखी एक कारण मला जवळजवळ नक्की वाटतं, कारण तुम्ही एसएफझेड म्हणता, म्हणजे कुठली फाइल कधी आणि कशी वाजवायची हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची पद्धत. त्या पद्धतीत ‘अ‍ॅम्प व्हेलट्रॅक’ नावाची एक सूचना आहे आणि आपण काहीच लिहिलं नाही तर ती १०० धरली जाते. त्याचा अर्थ असा की तुम्ही पॅड हळू मारलं की सॅम्पलर हळू रेकॉर्ड झालेली फाइल तर निवडतोच, शिवाय तिचा आवाज स्वतःहूनही खाली आणतो. व्हेलॉसिटी, म्हणजे पॅड किती जोरात मारलं त्याचा आकडा, १ ते १२७ असते. ६४ वर ही जादाची घट साधारण १२ डेसिबल होते, ३२ वर २४. म्हणजे काकांनी हळू वाजवलेला ठोका दोनदा हळू झाला. थराच्या आत आवाज चढत जातो, आणि थर ओलांडला की त्यावर नव्या फाइलीचा खरा जोर येऊन बसतो. थर आठ-दहा असतील आणि फाइली मूळ पातळीवर असतील तर ही सूचना शून्यावर आणा, किंवा थराच्या आत जराशी हालचाल राहावी म्हणून दहा-वीसवर ठेवा. काही न बदलता आधी एवढं एकच करून बघा. फरक त्याच मिनिटाला ऐकू येईल. त्याच एसएफझेड फाइलीत प्रत्येक ठोका ‘वन शॉट’, म्हणजे एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत वाजणारा, आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर पॅडवरून काठी उचलली की घुमारा तुटतो.

थरांच्या सीमा १२७ ला समान भागून टाकू नका. स्वतः पॅडवर पाच-दहा मिनिटं नेहमीसारखं वाजवा आणि मिडी, म्हणजे आवाज नव्हे तर तुमच्या माराचे आकडे, रेकॉर्ड करून बघा तुमचा हात कुठल्या आकड्यांत जास्त फिरतो. बहुतेकांचा ७० ते ११० मध्ये असतो. त्या पट्ट्यात थर दाट ठेवा, खाली विरळ चालतील.

आता तिसरी गोष्ट, पर्याय. ज्याला राउंड रॉबिन म्हणतात ते. प्रत्येक थरात चार ठोके ठेवलेत आणि ते १, २, ३, ४ असे ओळीनं फिरतात, बरोबर? मग तुम्ही केरवा वाजवा. आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला एक ठोका धरू. दर आवर्तनात समेवर पहिलीच फाइल येणार, पाचव्या मात्रेवरही तीच. चार आठला नेमकं भागतो, त्यामुळं दोन आवर्तनांत कान ते ओळखतो. चारच्या जागी पाच ठेवा. आता तीच फाइल त्याच मात्रेवर यायला पाच आवर्तनं जातात. केवळ एक ठोका वाढवल्यानं एवढं होतं. दादऱ्याच्या सहा मात्रांतही तीन पर्याय ठेवलेत तर असंच अडकतं, पाच-सात ठेवलेत तर मोकळं राहतं. आपल्या तालांत २, ३ आणि ४ चा पाडा सगळीकडं असल्यामुळं मी पर्यायांची संख्या ५ किंवा ७ च ठेवते. परदेशी किटमध्ये चारचा रिवाज दिसतो म्हणून तो उचलू नये.

चिठ्ठी काढल्यासारखा कुठलाही पर्याय यावा अशी सोयही एसएफझेडमध्ये आहे, पण तिथं लागोपाठ तीच फाइल दोनदा येऊ शकते, आणि जलद वाजवताना नेमकं तेच यंत्रासारखं लागतं. मला ओळीनं फिरणारे पाच जास्त भरवशाचे वाटतात. ड्रमगिझ्मो म्हणून एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याची रीत मुळातच वेगळी आहे. तिथं थरच पाडायचे नसतात. प्रत्येक ठोक्यासमोर त्याचा जोर आकड्यात लिहायचा, आणि वाजवताना सॉफ्टवेअर त्या जोराच्या आसपासचे ठोके शोधून, नुकताच वाजलेला टाळायचा प्रयत्न करत, त्यातला एक निवडतं. तुमच्यासारखं मोकळ्या हातानं झालेलं रेकॉर्डिंग असेल, कुठं दाट कुठं विरळ, तर ही रीत चांगली बसते. तक्ता मोजून तयार असला की अर्धं काम झालेलंच असतं.

पर्याय सगळीकडं सारखेच हवेत असंही नाही. समेवरचा दणदणीत ठोका बऱ्याच अंतरानं येतो, तिथं तीन असले तरी भागतं. बारीक काडीचा कडकडाट मात्र एकामागे एक पडतो, तिथं सात कमीच. जो ठोका जवळजवळ येतो त्याला मेहनत द्या.

आता हलगीची खास गोष्ट, जी ड्रमकिटच्या माहितीत कुठं सापडणार नाही. काका वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकून घेतात. कातडं ताणतं, सूर चढतो. वाजवता वाजवता ती निवते आणि सूर उतरतो, मग पुन्हा शेकायची. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये ती बराच वेळ टिकते, पावसाळी हवेत पटकन ढिली पडते. आता विचार करा, तुम्ही शेकल्या शेकल्या सगळे जोरदार ठोके घेतले आणि शेवटी हळू. तर तुमच्या पॅडवर जोर वाढवला की हलगीचा सूरही चढणार, आणि तो काकांच्या हातामुळं नाही, जाळामुळं. रंगाऱ्याकडून आलेल्या सुताचे दोन लॉट एकाच चादरीत मिसळले की पट्टा दिसतो, ते विणकरांच्या पूर्व भागात कुणालाही विचारा. तसंच हे. एका थरातले पाचही पर्याय एकाच शेकण्यातले हवेत.

म्हणून पुढचं रेकॉर्डिंग फेऱ्यांनी करा. हलगी शेकली की हळूपासून जोरापर्यंत एकेक पायरी चढत सगळे ठोके एकदा घ्या. पुन्हा शेका, पुन्हा तसंच. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तोंडानं क्रमांक बोला, तो रेकॉर्ड होऊ द्या. आधीचं रेकॉर्डिंग टाकून द्यायची गरज नाही. फाइलीची वेळ बघून लॉट, म्हणजे कुठले ठोके एकाच शेकण्यातले, ते ओळखता येतात, आणि घुमाऱ्याचा सूर ट्यूनरवर तपासून थोडाफार वर-खाली करता येतो. फक्त एक जपा. जोरदार ठोका पडला की कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं, त्यामुळं सूर किंचित वर सुरू होऊन खाली घसरतो. हा हलगीचा स्वभाव आहे. तो सुधारायला जाऊ नका. सूर जुळवायचा तर घुमाऱ्याच्या शेपटीवर जुळवा, सुरुवातीवर नाही.

नावं कशी द्यायची ते आता सोपं आहे. ठोका, थर, पर्याय, लॉट, माइक, याच क्रमानं. उदाहरणार्थ ‘जाडमध्य_थ०७_प०३_लॉ२_जवळ’. प्रत्यक्षात फाइलीची नावं रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा, काही सॅम्पलर देवनागरी नावांवर अडतात. आकड्याआधी शून्य हवंच, नाहीतर बरेच प्रोग्रॅम १० ला २ च्या आधी बसवतात. माइकचं नाव शेवटी, म्हणजे एकाच ठोक्याच्या जवळच्या आणि लांबच्या माइकच्या फाइली शेजारी राहतात. त्या दोन्ही फाइली नेमक्या एकाच क्षणी कापा. लांबचा माइक तीन मीटरवर असेल तर त्यात आवाज सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि खोली किती मोठी आहे हे कानाला त्यातूनच कळतं. ती मोकळी जागा कापून दोन्ही एकत्र ओढल्या तर खोली नाहीशी होते. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका. नावं बदलायची ती कापलेल्या फाइलींची.

दाबलेल्या ठोक्यानं आधीचा घुमारा थांबला पाहिजे. त्यासाठी एसएफझेडमध्ये दाबलेल्या ठोक्याला एक गट क्रमांक द्या आणि घुमणाऱ्या ठोक्यांत ‘ऑफ बाय’पुढं तोच क्रमांक लिहा, म्हणजे दाबलेला वाजला की ते बंद होतात. ड्रमकिटमध्ये मिटलेली हाय-हॅट उघडीला थांबवते, तेच तंत्र.

काकांबद्दलही लिहिते. त्यांना रेकॉर्डिंगचे पैसे द्या, नेहमीच्या सुपारीच्या हिशेबानं, ओळखीवर भागवू नका. हे सॅम्पल पुढं कुणाला द्यायचे किंवा विकायचे झाले तर त्यांना आधी विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नाव सोबत जाऊ द्या. तुमच्या पॅडमधून जो हात वाजणार आहे तो त्यांचा आहे.

प्रश्न : आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. संबळाचे ठोके रेकॉर्ड केले, ठोका छान येतो पण शेपटीत मागाची खटखट ऐकू येते. नॉइज रिडक्शन लावलं तर चालेल का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : चालवू नका. संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमारा आणि मागाची घरघर एकाच पट्ट्यात येतात. घरघर काढताना घुमारा पाण्यातून आल्यासारखा होतो. एकेका ठोक्यात खटखट बारीक वाटते, पण जलद वाजवताना आठ फाइली एकमेकांवर चढल्या की मागचा गोंगाट सुमारे ९ डेसिबलनं वाढतो. शिवाय मागाला स्वतःचा ठेका आहे. प्रत्येक फाइलीत त्याचा वेगळा तुकडा अडकतो आणि तुमच्या ठेक्याला आडवा जातो.

माग बंद असतील ती वेळ गाठा आणि पुन्हा घ्या. ते जमतच नसेल तर माइक संबळाच्या जवळ न्या आणि मागाकडं त्याची पाठ करा. घुमारा जिथं खटखटीत बुडतो तिथपर्यंतच फाइल ठेवून शेवट हळूच मिटवा. सगळ्या पर्यायांची शेपटी एकाच लांबीवर मिटवा, नाहीतर एक ठोका लांब आणि एक आखूड असा डळमळीत ठेका ऐकू येतो. संबळ बोलतं ते दोन भांड्यांच्या फरकावर, म्हणून मोठं आणि लहान दोन वेगळे ठोके धरा. दोन्ही एकदम पडतात तो तिसरा ठोका वेगळा रेकॉर्ड करा. दोन फाइली एकावर एक ठेवून तो आवाज येत नाही, कारण एक भांडं वाजलं की जोडलेलं दुसरंही थरथरतं.

प्रश्न : देशी वाद्यांचे ठोके मिडीच्या कुठल्या पट्टीवर ठेवायचे? काही ठरलेलं आहे का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : १९९१ च्या जनरल मिडी या सामाईक प्रमाणात तालवाद्यांना दहावा चॅनल आणि ठरावीक क्रमांक दिलेत. बेस ड्रम ३६, स्नेअर ३८, मिटलेली हाय-हॅट ४२, उघडी ४६. हलगी-संबळाला त्यात जागा नाही, पण बरेचसे पॅड याच क्रमांकांवर लावलेले येतात. म्हणून घुमणारा जाड ठोका ३६ वर, बारीक काडीचा ३८ वर, दाबलेला ४२ वर आणि त्याचाच मोकळा ४६ वर ठेव. पॅड जोडल्या जोडल्या हाताखाली काहीतरी वाजण्यासारखं येतं आणि दुसऱ्या कुणाला फाइल दिलीस तर त्यालाही समजावत बसावं लागत नाही. उरलेले ठोके ४८ च्या पुढं, उजवा हात एका सलग रांगेत आणि डावा दुसऱ्या. कुठल्या क्रमांकावर काय आहे याचा कागद सॅम्पलच्या फोल्डरातच ठेव.